पत्ता कुठला लिहायचा?

आमच्या रात्रीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात माणूस आपले नाव लिहायला शिकतो. दुसऱ्या आठवड्यात गावाचे नाव. तिसऱ्या आठवड्यात पत्ता.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर चार ओळी लिहिल्या. नाव. घर नंबर. रस्ता. शहर. मंडळी वहीत मान घालून लिहू लागली. कोणी चाळीचे नाव लिहिले. कोणी खोली नंबर लिहिला. एका मावशींनी मात्र नाव लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं मावशी? दमलात का?"

"दमायला काय झालं? पत्ता कुठला लिहू ते सांगा, बाई. ज्याला घर त्याला पत्ता. आमचं बिऱ्हाड फुटपाथवर. घर नंबर काय घालू?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. शिकवायला आम्ही उभे होतो, पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधायला बरेच दिवस गेले. जे सापडले ते या धड्यात लिहिले आहे. धडा मुंबईचा आहे. पण मोठे शहर कोणतेही असो, हा प्रश्न तिथे असतोच.

आपण काय पाहतो?

मुंबईत रात्री दहानंतर फिरून पाहा. दुकानांची शटर खाली येतात आणि पायऱ्यांवर वळकट्या उलगडतात. उड्डाणपुलाखाली माणसे ओळीने झोपलेली असतात. भिंतीला बांबू टेकवून वर निळी ताडपत्री बांधलेली असते. आत एक चूल, दोन हंडे, देवाची तसबीर आणि झोपलेली मुले.

येणारा-जाणारा ताडपत्री पाहतो. नाक मुरडतो आणि पुढे जातो. सकाळी तीच माणसे कुठे जातात हे कोणी पाहत नाही. एक बाजारात हमाली करतो. एक नाक्यावर उभा राहतो, मुकादम बोलावील तिथे बांधकामाला जातो. एक बाई चार घरची भांडी घासते. एक भंगार वेचते. आपण गजरा घेतो तो बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी हातचा असतो. म्हणजे शहराला त्यांचे हात ठाऊक आहेत, तोंड ठाऊक नाही.

सरकारच्या जनगणनेत अशा लोकांना बेघर म्हणतात. जो उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, जिन्याखाली, देवळाच्या ओसरीवर किंवा स्टेशनात राहतो, तो बेघर. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर अशा लोकांची मोजणी झाली. साऱ्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर निघाली. मुंबईत सुमारे ५७ हजार. झोपडपट्टीत राहणारे लोक या आकड्यात नाहीत. त्यांच्या डोक्यावर निदान पत्रा आहे.

५७ हजार म्हणजे किती? एक मोठे तालुक्याचे गाव. असे एक अख्खे गाव मुंबईत रोज रात्री रस्त्यावर झोपत होते.

माणसे फुटपाथवर का येतात?

मावशींचेच पाहा. त्या मूळच्या मराठवाड्यातल्या. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे गेली. मावशी तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. आईच्या कडेवर बसून मुंबईला आल्या. बापाला गोदीजवळ हमाली मिळाली. काम मिळाले, पण खोली मिळाली नाही.

खोली का मिळाली नाही? त्याला जुने कारण आहे. १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधली गेली. जे आधीच खोलीत राहत होते त्यांना आधार मिळाला. तेही बरेच झाले. पण भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे मालकांना परवडेना. जुन्या खोलीला पागडी लागू लागली. हातावर पोट असलेल्या हमालाने पागडी कुठून आणावी?

मग दूर उपनगरात झोपडी का बांधली नाही? असेही आपण विचारतो. मावशींनी त्याचे उत्तर दिले.

"माझा बाप पहाटे तीनला मालाच्या गाडीवर जायचा. तीनला कुठली लोकल? आणि लोकलला पैसे घालायचे तर खायचं काय? कामाजवळ राहिला म्हणून काम टिकलं. लांब गेला असता तर काम दुसऱ्यानं घेतलं असतं."

म्हणजे माणूस फुटपाथ आवडीने निवडत नाही. तो काम निवडतो. कामाजवळ परवडेल अशी जागा नसते, म्हणून फुटपाथ गळ्यात पडतो.

सगळेच असे कामासाठी आलेले नसतात. कोणा म्हाताऱ्याला मुलांनी बाहेर काढलेले असते. कोणी बाई नवऱ्याचा मार चुकवून आलेली असते. कोणी दारूच्या नादी लागलेला असतो. कोणाचे डोके ठिकाणावर नसते आणि औषध देणारे कोणी नसते. कारणे निरनिराळी आहेत. म्हणून सगळ्यांना एकच नाव ठेवणे चुकीचे आहे.

फुकट राहतात का?

"फुटपाथवर भाडं नाही, बिल नाही, मजा आहे!" असे लोक बोलतात. चला, आपण हिशेब करू. वही घ्या.

समजा, कुटुंबात ४ माणसे आहेत. सार्वजनिक संडासाला एका वेळेस ५ रुपये पडतात. दिवसातून दोन वेळा धरा. ४ गुणिले २ म्हणजे ८ वेळा. ८ गुणिले ५ म्हणजे ४० रुपये. पाण्याचे दोन कॅन, एकाचे १० रुपये, म्हणजे २० रुपये. दुकानात मोबाइल चार्ज करायला १० रुपये. एकूण ७० रुपये रोज. महिन्याचे ३० दिवस धरले तर २,१०० रुपये झाले. यात ना भिंत आली, ना दार, ना कुलूप.

पैशात न बसणारा खर्च वेगळाच. बायकांना अंधार असताना अंघोळ उरकावी लागते. तरण्या मुलीला भिंतीकडे झोपवून आई रस्त्याच्या बाजूला झोपते आणि अर्धी रात्र जागते. पावसाळ्यात ताडपत्रीवर साचलेले पाणी काठीने ढकलत बसावे लागते. गाडी आली की सामान उचलून पळावे लागते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे यांचे बिऱ्हाड कायम गाठोड्यात.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. सगळ्यांना सांगण्यात आले, घरातच राहा. मावशी म्हणाल्या, "आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. घरात म्हणजे कुठं?"

एका काकांचा प्रश्न

आमच्या वर्गात एक काका येतात. एका इमारतीवर पहारेकरी आहेत. त्यांनी हात वर केला.

"बाई, राग मानू नका. पण फुटपाथ चालणाऱ्यांसाठीच ना? माझी सून पोटुशी होती. सगळा फुटपाथ अडलेला. तिला रस्त्यावरून चालावं लागायचं. मागनं टॅक्सी भोंगा वाजवणार. तिचं काही झालं असतं म्हणजे?"

आम्हाला वाटले, आता भांडण होणार. पण मावशी शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमचं बोलणं खरं आहे. आम्हालाही कुठं हौस आहे? आमची पोरंही त्याच रस्त्यावर खेळतात. त्यांनाही गाडी लागते. उठवा की आम्हाला. पण उठवून बसवायचं कुठं, ते कोण सांगणार?"

प्रश्न दोन्ही बाजूंनी खरा आहे. आणि हाच प्रश्न पूर्वी एकदा देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयासमोर गेला होता. ती हकिगत प्रत्येकाला माहीत हवी.

१९८१ चा पावसाळा

१९८१ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले होते. त्या वर्षीच्या जुलैत त्यांनी जाहीर केले की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हलवायचे आणि आपापल्या मुलखात परत पाठवायचे. भर पावसात झोपड्या मोडल्या. काही माणसांना एसटीच्या गाड्यांत बसवून शहराबाहेर नेले. त्यांत तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातून आलेली माणसे होती, तशीच आपल्या महाराष्ट्रातलीही होती.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. त्याच्या ३१४ व्या कलमात लिहिले आहे की रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता काढता येते. त्याच कलमाचा आधार घेतला गेला.

ओल्गा टेलिस नावाच्या एक पत्रकार होत्या. त्या आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. खटला चार वर्षे चालला. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे त्यांचे प्रमुख होते. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त व्हायचे होते.

निकाल मोठा आहे. त्यातल्या चार गोष्टी आपण लक्षात ठेवू.

पहिली गोष्ट. राज्यघटनेचे २१ वे कलम प्रत्येकाला जगण्याचा हक्क देते. न्यायालय म्हणाले, या जगण्याच्या हक्कात पोटापाण्याच्या साधनाचा हक्कही आहे. माणसाचे पोट भरण्याचे साधन काढून घेतले, तर त्याचे जगणेच काढून घेतल्यासारखे होते.

दुसरी गोष्ट. फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठी आहे. तो अडवून राहण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणजे आमच्या काकांचेही म्हणणे न्यायालयाने ऐकले.

तिसरी गोष्ट. उठवायचे असले तरी साधारणपणे आधी नोटीस दिली पाहिजे आणि माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे. न ऐकता उठवणे हा अपवाद असावा, रोजची रीत नव्हे.

चौथी गोष्ट. १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणती केली होती. त्या गणतीत ज्यांची नावे होती त्यांना दुसरी जागा द्यावी. पण जागा मिळेपर्यंत उठवायचेच नाही, अशी अट मात्र न्यायालयाने घातली नाही. पावसाळा होता, म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणाला हलवू नये, एवढे सांगितले.

निकाल गरिबांच्या बाजूचा की विरुद्धचा? दोन्ही आहे. पोटाचा हक्क मान्य झाला, फुटपाथचा झाला नाही. पण एक गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. फुटपाथवरचा माणूस म्हणजे झाडून टाकायचा कचरा नव्हे. त्याला विचारल्यावाचून साधारणपणे हात लावता येत नाही.

आता चौथ्या गोष्टीकडे पुन्हा पाहा. १९७६ च्या गणतीत नाव होते की नव्हते, यावर सारे आले. ते दाखवायचे कसे? कागदाने.

मावशींच्या घरचा कागद

हा भाग शिकवताना मावशी एकदम बोलल्या.

"आमच्याकडं होता की तो कागद."

सगळा वर्ग त्यांच्याकडे पाहू लागला.

"मी सहा वर्षांची होते. गणतीवाले आले होते. बापानं नाव सांगितलं, अंगठा दिला. त्यांनी कागद दिला. बापानं घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. पेटीत आणखीही कागद होते. दुकानाची बिलं, दवाखान्याची चिठ्ठी, गावाकडची पत्रं. आमच्या घरात वाचता कुणालाच येत नव्हतं."

"मग?"

"एकदा पाऊस लागला तो थांबेचना. तीन दिवस चूल नाही. लाकडं ओली. धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, त्याला पेज हवी होती. आईनं पेटी उघडली. हाताला लागले ते कागद घेतले आणि चूल पेटवली. पेज झाली. भाऊ जगला. पण तो कागद गेला. पुढं निकाल लागला, लोक कागद शोधायला लागले, तेव्हा बापानं पेटी उपडी केली. आई तेव्हापासून मरेपर्यंत त्या पेटीकडं बघून रडायची. म्हणायची, मला दोन अक्षरं येत असती तर बिलं जाळली असती."

वर्गात कोणी बोलले नाही. आमच्या शिकवण्याने जे समजले नसते ते या बाईंच्या एका बोलण्याने समजले. अक्षर कशाला शिकायचे? आपल्या पेटीत काय आहे ते आपल्याला कळावे म्हणून.

बायकांनी स्वतःच गणती केली

सगळेच हात जोडून बसले नाहीत. १९८४ साली मुंबईत स्पार्क नावाची संस्था निघाली. तिने भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केले. १९८५ साली त्यांनी फुटपाथवरच्या कुटुंबांची पाहणी केली. सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती जमली. लोक म्हणत होते, हे कालपरवा आलेले भिकारी आहेत. पाहणीत दिसले की बहुतेक जण कष्ट करून खाणारे आहेत, पायी कामाला जातात आणि कितीतरी वर्षांपासून इथेच आहेत.

पुढे या बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली. रोज थोडे थोडे पैसे साठवले. आपल्याला परवडेल असे घर कसे असावे, याचा विचार केला आणि त्याचा पूर्ण आकाराचा नमुना उभा करून लोकांना दाखवला. छत १४ फूट उंच, म्हणजे आत पोटमाळा निघेल आणि एका खोलीत दोन खोल्यांची सोय होईल. ज्यांना दार नव्हते त्या बायकांनी घराचा नकाशा ठरवला! घर मिळायला मात्र वर्षांमागून वर्षे गेली. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, तिच्यात फुटपाथवासीयांनाही धरले गेले. पुढे भायखळ्याच्या अनेक कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरे मिळाली.

यावरून काय दिसते? एकट्याचे कोणी ऐकत नाही. नावांची यादी घेऊन दहा जणी गेल्या की खुर्चीतला माणूस मान वर करतो.

निवाऱ्याचा हिशेब

घर मिळेपर्यंत काय? निदान रात्रीचा निवारा हवा. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीत कडाक्याची थंडी पडली. तेव्हा बेघरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालयाने सांगितले की मोठ्या शहरांत दर १ लाख वस्तीमागे एक निवारा असावा. २०१३ साली केंद्र सरकारने शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची योजना काढली. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसांची सोय धरली होती.

पुन्हा वही घ्या. २०११ साली मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ लाख. दर लाखाला एक, तर १२४ निवारे हवेत. प्रत्येकात १०० माणसे धरली तरी १२,४०० जणांची सोय होते. बेघर होते ५७ हजार. म्हणजे सगळे निवारे बांधले तरी पाचांतले चौघे बाहेरच. आणि सगळे निवारे बांधलेच गेले नाहीत.

शिवाय निवारा कुठे आहे, हेही महत्त्वाचे. नवरा एका ठिकाणी, बायको-मुले दुसऱ्या ठिकाणी, अशी सोय कुटुंबाला चालत नाही. कामापासून दोन तासांवरचा निवारा हमालाला चालत नाही. जिथे काम आहे तिथे कमी भाड्याची पक्की खोली, हाच खरा इलाज. निवारा म्हणजे पावसातली छत्री. छत्री म्हणजे घर नव्हे.

आता पत्ता लिहू या

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. घर नसलेल्याचा पत्ता कुठला?

उत्तर असे आहे. जिथे माणूस रोज रात्री झोपतो, तो त्याचा पत्ता. हे आम्ही मनाने सांगत नाही. मतदार यादीचा नियमच तसा आहे. बेघर माणूस नमुना ६ हा अर्ज भरू शकतो. त्यात आपण कुठे झोपतो ते लिहायचे. राहण्याचा कागदी पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. त्याऐवजी मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी येऊन पाहतो की हा माणूस खरोखर इथे झोपतो का. एकाहून अधिक रात्री येऊन पाहतो. म्हणून अर्ज केल्यावर जागा सोडून जाऊ नका. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा.

मुलांची शाळा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. जन्माचा दाखला नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मूल मोठे झाले असले तरी त्याच्या वयाच्या वर्गात त्याला घेतले पाहिजे.

रेशन. गावी रेशनकार्ड असेल तर त्याच कार्डावर मुंबईतल्या दुकानात आपल्या वाट्याचे धान्य मिळू शकते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय २०१९ साली सुरू झाली. २०२२ पर्यंत ती देशभर झाली.

जनगणना. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. पुढची २०२७ साली घेण्याचे सरकारने जाहीर केले आहे. बेघरांची मोजणी रात्री होते. मोजणारे आले तर झोपेचे सोंग घेऊ नका, घाबरून पळू नका. नाव सांगा. १९७६ ची गोष्ट आठवा. जो मोजला गेला, त्याचाच विचार झाला.

कागदांची काळजी. सगळे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकाची एक झेरॉक्स ओळखीच्या ठिकाणी ठेवा. मोबाइल असेल तर फोटो काढून ठेवा. कार्डांचे नंबर वहीत लिहा. कागद हरवला तर पोलीस ठाण्यात जाऊन तशी नोंद करा आणि तिची प्रत मागून घ्या.

त्या रात्री मावशींनी वहीत पत्ता लिहिला. ओळ वाकडी गेली, पण अक्षर स्पष्ट होते. रस्त्याचे नाव. पुढे, "पुलाखाली, तिसऱ्या खांबाजवळ". शेवटी, "मुंबई". लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला आणि वही शेजारच्या बाईंना दाखवली.

पुढे त्यांनी नमुना ६ भरला. अधिकारी दोनदा रात्री आले. काही महिन्यांनी यादीत नाव लागले.

भिंतीवरची नोटीस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या रस्त्यावरच्या भिंतीला एका कचेरीची नोटीस लागली. पूर्वी असा कागद लागला की कोणी तरी रस्त्याने जाणाऱ्याला विचारायचे. तो घाईत असायचा, नाही तर भलतेच सांगायचा. या वेळी मावशी पुढे झाल्या. बोट ठेवून एकेक शब्द त्यांनी मोठ्याने वाचला. "सात दिवसांच्या आत" हे शब्द आले तेव्हा त्या थांबल्या आणि पुन्हा वाचले. मग तारीख वाचली. मग बोटांवर दिवस मोजले.

त्याच रात्री सहा कुटुंबे वर्गात आली. सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला. आम्ही फक्त काना-मात्रा सुधारला. तो अर्ज इथे देत आहोत. तुम्हाला कधी गरज पडली तर उपयोगी पडेल.

"मा. अधिकारी यांस,
आपली नोटीस आम्ही वाचली. आम्ही सहा कुटुंबे या जागी बरीच वर्षे राहत आहोत. आम्ही जवळच काम करतो. आमची मुले जवळच्या शाळेत जातात. आम्हाला हलवण्याआधी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. पावसाळा संपेपर्यंत हलवू नये. आमच्या राहण्याची दुसरी सोय कुठे होईल ते लेखी कळवावे.
सोबत नावांची यादी आणि कागदांच्या प्रती जोडल्या आहेत."

खाली सहा सह्या. एकही अंगठा नाही.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक कचेरीत दिली. दुसरीवर शिक्का आणि तारीख घालून घेतली. ही पोच फार महत्त्वाची. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, शिक्का राहतो.

उत्तर अजून आलेले नाही. सहाही कुटुंबे त्याच पुलाखाली आहेत. पुढे काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही. काकांच्या सुनेला चालायला अजून जागा नाही आणि मावशींच्या नातीला झोपायला दार नाही. या दोघींची सोय झाली पाहिजे. एकीची करायची म्हणून दुसरीला हाकलून भागणार नाही.

पण पत्र्याच्या पेटीत आता प्लॅस्टिकची पिशवी आहे. पिशवीत मतदार कार्ड आहे, नातीचा शाळेचा कागद आहे आणि शिक्का मारलेली पोच आहे. कोणता कागद कोणता, हे मावशींना दिव्याशिवाय, नुसत्या घडीवरून कळते. चूल पेटवायला त्या आता जुन्या बिलांचा एक वेगळा गठ्ठा ठेवतात.

कठीण शब्द

बेघर: ज्याला राहायला घर नाही तो.
अतिक्रमण: दुसऱ्याची किंवा सार्वजनिक जागा अडवणे.
पागडी: भाड्याची खोली घेताना आधी द्यावी लागणारी मोठी रक्कम.
पोच: आपला अर्ज मिळाला याची खूण, बहुधा शिक्का आणि तारीख.
पुनर्वसन: उठवलेल्या माणसांना पुन्हा नीट वसवणे.

उत्तरे सांगा

१. मावशींच्या वडिलांनी लांब उपनगरात घर का केले नाही?
२. १९८५ च्या निकालातल्या चार गोष्टी आपल्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या कुटुंबाचा पाण्याचा आणि मोबाइलचा महिन्याचा खर्च लिहा. फुटपाथवरच्या कुटुंबाच्या हिशेबाशी ताडून पाहा.
४. काकांचे म्हणणे तुम्हाला पटते का? मावशींचे पटते का? दोघांचीही सोय होईल असे काय करता येईल? वर्गात बोला.
५. तुमच्या घरातल्या कागदांची यादी करा. कोणता कागद कशासाठी आहे ते प्रत्येकापुढे लिहा. आजच लिहा.